होप पुलावरील आकडा : तापीच्या पूरमापनाची सव्वाशेहून अधिक वर्षे

सुरत शहराच्या पावसाळ्यावर एका आकड्याची सत्ता चालते. होप पुलाजवळच्या मोजपट्टीवर तापीचे पाणी ८.५० मीटरला पोचले की सावधानतेची आणि ९.५० मीटरला पोचले की धोक्याची पातळी गाठली, असे जाहीर होते; त्यानंतर रांदेर, अडाजण आणि नदीकाठच्या इतर भागांतील माणसे सामान माडीवर चढवू लागतात आणि प्रशासन सखल वस्त्या रिकाम्या करण्याच्या तयारीला लागते. सर्वसामान्य नागरिकाच्या दृष्टीने हा आकडा म्हणजे वस्तुस्थिती असते. वास्तविक तो एक अनुमान असतो, आणि त्या अनुमानात नदीखेरीज भरती-ओहोटी, लाटा, मोजपट्टीचा दोष, वाचणाऱ्याची नजर आणि नदीच्या पात्राविषयीची काही जुनी गृहीतके यांचाही वाटा असतो. ज्यातील प्रत्येक मूल्य आधी निश्चितपणे सांगता येत नाही, पण ज्याच्या एकंदर वागणुकीचे नियम शोधता येतात, अशा काळाबरोबर बदलत जाणाऱ्या राशीला संख्याशास्त्रात यादृच्छिक प्रक्रिया म्हणतात. आणि अशा प्रक्रियेतून हवा तो भाग राखून नको तो गोंगाट वेगळा काढण्याच्या क्रियेला गाळण म्हणतात. होप पुलावरील आकड्याचा इतिहास हा या दोन संकल्पनांचा एका नदीच्या काठी घडलेला इतिहास आहे.

सुरतेचा पूर सुरतेत तयार होत नाही, ही या इतिहासातील पहिली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावून ७२४ किलोमीटर वाहणाऱ्या तापीचे खोरे ६५,१४५ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यातील ५१,५०४ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ चार पंचमांश भाग, महाराष्ट्रात आहे. गुजरातच्या वाट्याला जेमतेम ३,८०० चौरस किलोमीटर येतात. सुरतेच्या गल्ल्यांत शिरणारे पाणी विदर्भातून पूर्णेने आणलेले असते, गिरणा आणि पांझरा यांनी खानदेशातून भर घातलेले असते, आणि भुसावळ, गिधाडे, सारंगखेडा येथील मोजणी-केंद्रांवरून आधीच पुढे गेलेले असते. बंगालच्या उपसागरात उठणारे कमी दाबाचे पट्टे बहुधा पश्चिमेकडे, म्हणजे नदीच्या वाहण्याच्याच दिशेने सरकतात. त्यामुळे पावसाचा ढग आणि पुराची लाट बरोबरीने चालतात व खालच्या टप्प्यात पाण्याचा जोर वाढत जातो. नदीच्या स्वभावातील ही गोष्ट कोणत्याही गणिताआधी समजून घ्यावी लागते.

मोजपट्टी येण्याआधीच्या पुरांची आठवण शहराने आपल्या परीने जपली. मुंबई गॅझेटियरच्या सुरत व भडोच जिल्ह्यांवरील १८७७ च्या खंडात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील पुरांची यादी आहे. १८३७ साली तर एप्रिलमध्ये आगीने आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पुराने शहराची वाताहत केली. परंतु अशा नोंदींत एक अंगभूत दोष असतो. नुकसान झाले तेव्हाच पूर लिहिला गेला. मध्यम पुरांची आणि कोरड्या वर्षांची दखल कोणी घेतली नाही. अशा निवडक नोंदींवरून सरासरी काढली, तर नदी प्रत्यक्षात होती त्याहून उग्र भासते. पुणे विद्यापीठातील भूगोलाचे अभ्यासक विश्वास काळे आणि प्रमोदकुमार हिरे यांनी तापीच्या पुरांचा अभ्यास करताना लिखित नोंदींच्या पलीकडे जाऊन भूरूपांचा आणि पुराच्या वेळी संथ पाण्यात साचून राहिलेल्या बारीक गाळाच्या थरांचाही आधार घेतला. गाळाला शहराचे नुकसान ठाऊक नसते, आणि म्हणूनच त्याची साक्ष अधिक निःपक्षपाती असते.

१८७७ मध्ये तापीवर होप पूल उभा राहिला. पुढे वाहतुकीसाठी नवे पूल बांधले गेले, तरी पातळीच्या नोंदीत हे नाव टिकून राहिले. अभ्यासकांच्या तक्त्यांत १८८३ पासूनच्या मोठ्या पुरांची कमाल पातळी याच ठिकाणाची दिलेली आढळते. नोंदींची मालिका एका जागी, एकाच शून्यबिंदूपासून, दीर्घकाळ चालणे ही संख्याशास्त्राची पहिली गरज असते, आणि ती गरज सुरतेत बऱ्याच अंशी भागली, हे शहराचे भाग्यच म्हटले पाहिजे.

पुलाजवळ उभे राहून पाहिले, तर पट्टीवरील पाणी कधीच स्थिर नसते. लाट येते, पट्टीवर काही सेंटिमीटर चढते, उतरते. वाऱ्याने पृष्ठभाग थरथरतो. पुराच्या पाण्यात वाहत आलेले झाडाचे खोड खांबाला अडकले की त्याच्या मागे पाण्याचा उंचवटा तयार होतो. निरीक्षकाने दहा वेळा वाचन केले, तर दहा वेगळे आकडे येतात. हे वाचन-दोष परस्परांवर अवलंबून नसतील, तर सरासरीतील अनिश्चितता वाचनांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. शंभर वाचनांची सरासरी एका वाचनापेक्षा दहापट भरवशाची ठरते. पण एका लाटेच्या माथ्यावर भराभर घेतलेली शंभर वाचने वस्तुतः एकच वाचन असतात, कारण त्यांचे दोष एकमेकांशी जोडलेले असतात. एका क्षणीचे मूल्य पुढच्या क्षणीच्या मूल्याशी किती निगडित आहे, हे सांगणाऱ्या मापाला स्वसहसंबंध म्हणतात, आणि यादृच्छिक प्रक्रियांचा अभ्यास प्रामुख्याने या एका मापाभोवती फिरतो. शिवाय पट्टीच वर्षभरात दोन सेंटिमीटर खचली असेल, तर हजार वाचनांची सरासरीही ते दोन सेंटिमीटर परत देत नाही. यादृच्छिक दोष सरासरीने विरतो. पद्धतशीर दोष सरासरीने अधिक ठामपणे चुकतो.

जलमापकांनी हा प्रश्न सूत्रे लिहिण्यापूर्वीच विटा-चुन्याने सोडवला होता. नदीकाठी एक विहीर बांधायची, ती तळाशी एका अरुंद नळीने नदीला जोडायची आणि पातळी नदीत न मोजता विहिरीत मोजायची, ही जगभरची जुनी रीत आहे. काही सेकंदांत येऊन जाणारी लाट नळीतून विहिरीत पुरेसे पाणी ढकलू शकत नाही, पण काही तास चढत राहणारा पूर सावकाश आत शिरतो. त्यामुळे विहिरीतील पाणी पुराबरोबर वाढते आणि लाटेबरोबर हलत नाही. जलद बदल अडवून संथ बदल पुढे जाऊ देणारी ही गाळणी आहे, आणि विजेच्या मंडलांत किंवा संगणकाच्या आज्ञावलीत पुढे जे केले गेले, त्याचे तत्त्व हेच आहे. नळी किती बारीक असावी, हा मात्र खरा प्रश्न असतो. फार रुंद नळी गोंगाट आत घेते. फार अरुंद नळी खऱ्या पुराची वर्दीही उशिरा देते.

सुरतेत या प्रश्नाला समुद्राने आणखी एक पदर जोडला आहे. खंबातच्या आखाताच्या तोंडाशी असल्याने हजिरा आणि मगदल्ला येथे भरती मोठी असते आणि ती नदीत वर चढत होप पुलापर्यंत येते. १९९५ मध्ये रांदेर आणि सिंगणपोर यांच्या दरम्यान बांधलेल्या बंधाऱ्याने वरच्या बाजूला गोडे पाणी अडवले आणि भरतीला वेसण घातली; पण होप पूल बंधाऱ्याच्या खाली असल्याने तेथील आकडा अजूनही समुद्राच्या मर्जीतून सुटलेला नाही. भरती हा यादृच्छिक गोंगाट नव्हे, ती चंद्र-सूर्याच्या गतीने ठरते आणि तिची मुख्य लहर सुमारे १२ तास २५ मिनिटांनी परतते. म्हणून सलग पंचवीस तासांच्या तासवार नोंदींची सरासरी घेतली की दोन पूर्ण भरत्या एकमेकींना जवळपास रद्द करतात आणि नदीचा स्वतःचा चढउतार मागे उरतो. ही चल सरासरी शांतपणे इतिहास लिहिण्यासाठी उत्तम आहे. पूर अंगावर आला असताना ती कुचकामी ठरते, कारण पंचवीस तासांच्या मध्यबिंदूची सरासरी हातात यायला पुढचे बारा तास वाट पाहावी लागते आणि तोवर पाणी घरात शिरलेले असते. गोंगाट जितका अधिक गाळावा, तितकी बातमी शिळी होते, हा सौदा टाळता येत नाही. तो फक्त शहाणपणाने करता येतो.

तो शहाणपणाने कसा करावा, याचे गणित दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार झाले. रशियात आंद्रेई कोल्मोगोरोव यांनी १९४१ मध्ये आणि अमेरिकेत नॉर्बर्ट वीनर यांनी विमानविरोधी तोफांच्या निशाण्याचा विचार करताना जवळपास त्याच सुमारास, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असे दाखवले की संकेत आणि गोंगाट या दोन्हींचा स्वसहसंबंध ठाऊक असेल, तर सरासरी वर्ग-दोष किमान ठेवणारी गाळणी काढता येते. वीनर यांचे काम युद्धकाळात गुप्त राहिले आणि १९४९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. या सिद्धांताची एक अट होती : प्रक्रिया स्थिर असली पाहिजे, म्हणजे तिची सरासरी, तिचे विचरण (सरासरीभोवतीचा विखुरलेपणा) आणि तिचा स्वसहसंबंध काळानुसार बदलता कामा नयेत. तापीच्या बाबतीत पुढे जे झाले, त्याचे मूळ या एका अटीत आहे.

भारतात नदीच्या पुराकडे संख्याशास्त्राच्या नजरेने पाहण्याची सुरुवात मात्र याआधीच झाली होती. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी उत्तर बंगालमधील १९२२ च्या पुरानंतर पाऊस व पूर यांच्या जवळपास अर्धशतकाच्या नोंदी तपासल्या आणि पाणी साठवणारी कुंडे बांधण्याऐवजी पाण्याचा निचरा जलद करणे हाच उपाय आहे, असे दाखवले. ओरिसात १९२६ च्या पुरानंतर नदीचे पात्र उंचावले आहे, सबब बांध उंच करावेत, असे अभियंत्यांचे मत पडले. महालनोबिस यांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदींवरून पात्र उंचावल्याचा पुरावा नाही, असे सिद्ध केले आणि वरच्या अंगाला धरण बांधण्याच्या दिशेने विचार वळवला. पात्र बदलले आहे की नाही, हा प्रश्न मतांनी न सोडवता नोंदींनी सोडवायचा, ही त्यांची शिस्त होती. तीच कसोटी सुरतेला लावली, तर उत्तर उलटे येते.

पातळीवरून पाण्याचे प्रमाण काढण्यासाठी पातळी-विसर्ग वक्र वापरतात. निरनिराळ्या पातळ्यांना होडीतून किंवा पुलावरून प्रवाहमापक यंत्र पाण्यात सोडून वेग मोजायचा, त्याला पात्राच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणून दर सेकंदाला किती पाणी वाहते ते काढायचे, हे बिंदू कागदावर मांडून त्यांतून वक्र ओढायचा, आणि त्यानंतर केवळ पातळी वाचून विसर्ग सांगायचा, अशी ही पद्धत आहे. विसर्ग पातळीच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढत असेल, तर पातळीतील एक टक्का चूक विसर्गात दोन टक्के होऊन उतरते. याहून मोठी अडचण वक्राच्या वरच्या टोकाला असते. महापुरात यंत्र घेऊन पाण्यात कोणी उतरत नाही. तेथे वक्र मोजलेला नसतो, खालच्या बिंदूंवरून वर लांबवलेला असतो. ऑगस्ट १९६८ च्या महापुरात होप पुलावर १२.०८ मीटर पातळी आणि सुमारे १५.५ लाख क्युसेक विसर्ग होता, असे तक्ते सांगतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट; त्या हिशेबाने हा विसर्ग सेकंदाला जवळपास ४३,९०० घनमीटर होतो. यांतील पहिला आकडा भिंतीवरील ओल पाहूनही तपासता येतो, दुसरा गणिताची निर्मिती आहे, आणि तक्त्यात मात्र दोन्ही सारख्याच ठामपणे शेजारी-शेजारी उभे असतात.

१९६८ च्या पुराच्या आगेमागे दोन गोष्टी घडल्या. सुरतेच्या वरच्या अंगाला तापीवर उकाई येथे धरण झाले, ते १९७२ मध्ये पूर्ण झाले. आणि केंद्रीय जल आयोगाने देशात १९५८ मध्ये दिल्लीत यमुनेवर सुरू केलेले पूर-अंदाजाचे काम १९७० च्या सुमारास तापीवरही आणले. सुरुवातीची पद्धत अगदी साधी होती. वरच्या केंद्रावरील पातळी आणि ठरावीक तासांनंतरची खालच्या केंद्रावरील पातळी यांचा आलेख मांडायचा, मागील पुरांच्या बिंदूंमधून रेषा ओढायची आणि बिनतारी संदेशाने नवा आकडा आला की रेषेवरून उत्तर वाचायचे. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. दोन मालिकांमधील कालांतरित सहसंबंध काढण्याचेच ते काम होते, आणि त्या आलेखावर हात बसलेला कर्मचारी रेषेपासून किती फारकत घ्यावी, हे अनुभवाने जाणत असे. त्याचा हा अनुभव कागदावर न उतरता त्याच्याबरोबर निवृत्त होत असे, हे या पद्धतीचे खरे वैगुण्य होते.

हा अनुभव समीकरणात बसवण्याची सोय रुडॉल्फ कालमान यांच्या १९६० च्या लेखाने केली आणि १९७० च्या दशकात जगभरच्या जलशास्त्रज्ञांनी ती नद्यांना लावून पाहिली. कालमान-गाळणी मागील सर्व नोंदी साठवत नाही. आताचे अनुमान आणि त्याची अनिश्चितता एवढेच जवळ ठेवते, नवे मोजमाप आले की दोहोंना त्यांच्या भरवशाप्रमाणे वजन देते आणि पुढे जाते. कल्पित आकड्यांनी हे पाहता येईल. समजा, प्रतिमान, म्हणजे नदीच्या वागणुकीचे गणिती रूप, सांगते की पुलावर ९.७० मीटर पाणी असावे, आणि त्या अंदाजाचे प्रमाण विचलन, म्हणजे त्यातील चुकीचा नेहमीचा पल्ला, २० सेंटिमीटर आहे, पट्टी ९.४० मीटर दाखवते आणि तिचे प्रमाण विचलन १० सेंटिमीटर आहे. वजने विचलनांच्या वर्गांच्या व्यस्त प्रमाणात द्यायची असल्याने पट्टीला चार आणि प्रतिमानाला एक भाग मिळतो. उत्तर येते ९.४६ मीटर, आणि त्याचे प्रमाण विचलन सुमारे ९ सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही मूळ आकड्यांपेक्षा कमी. कमी भरवशाचे मोजमापही टाकून द्यायचे नसते, त्याला त्याच्या लायकीचे वजन द्यायचे असते. याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडली आहे. ९.४६ हा आकडा ९.५० च्या धोकापातळीखाली आहे, म्हणून निश्चिंत व्हावे, असे वाटते. पण ९ सेंटिमीटरचे विचलन धरले, तर पाणी प्रत्यक्षात धोकापातळीच्या वर असण्याची शक्यता तीनांत एक आहे.

आता स्थिरतेच्या अटीकडे वळावे लागते. उकाईच्या वरचे पाणलोट क्षेत्र ६२,२२५ चौरस किलोमीटर, म्हणजे खोऱ्याच्या सुमारे पंचाण्णव टक्के आहे. धरण झाले त्या दिवशी सुरतेपाशी येणारे पाणी निसर्गाची प्रक्रिया राहिले नाही. ते निसर्ग आणि दरवाजे उघडणारा अधिकारी यांची संयुक्त प्रक्रिया बनले. १९७२ पूर्वीच्या कमाल विसर्गांची मालिका आणि नंतरची मालिका एका तक्त्यात जोडून त्यावरून शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर काढणे, हे दोन वेगळ्या नद्यांची सरासरी काढण्यासारखे आहे. बरे, शंभर वर्षांतून एकदा, या शब्दप्रयोगाचा अर्थही नीट पोचत नाही : दरवर्षी एक टक्का शक्यता असलेला पूर तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते. धरणानंतर पंचवीसएक वर्षे शहराने नदीकडे पाठ फिरवून विस्तार केला. काठावर वस्त्या आणि संरक्षक बांध आले, पूरमैदान अरुंद झाले, मुखाकडे गाळ साचत गेला. सप्टेंबर १९९८ मध्ये सुमारे ७ लाख क्युसेक विसर्गाला पाणी ११.४० मीटरवर चढले, तेव्हाच इशारा मिळाला होता. १९५९ साली सुमारे १२.९ लाख क्युसेकला जवळपास तेवढीच पातळी गाठली गेली होती.

ऑगस्ट २००६ च्या दुसऱ्या आठवड्यात उकाईतून सुमारे ९.०९ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि होप पुलावर पातळी १२.४० मीटरच्या आसपास गेली. शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला, शंभरावर माणसे दगावली, आणि दूध व पिण्याचे पाणी काही दिवस दुर्मीळ झाले. जलाशय ऑगस्टच्या आरंभी किती भरलेला ठेवला होता आणि पाणी केव्हा सोडायला हवे होते, यावर नंतर पुष्कळ वाद झाला. धरणाची उद्दिष्टे परस्परविरोधी आहेत : सिंचन, वीज आणि शहराचे पाणी यांना जलाशय भरलेला हवा, पूरनियंत्रणाला रिकामा हवा. या वादात एक गोष्ट मात्र काहीशी मागे पडली. १९६८ च्या तुलनेत विसर्ग जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी होता आणि पातळी वर होती. म्हणजे वक्रच सरकला होता. त्याच आकड्याचा अर्थ बदलला होता, आणि पट्टीने एक सेंटिमीटरचीही चूक केलेली नव्हती.

त्यानंतर सुरतेत बरेच काम झाले. १९६१ मध्ये प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झालेल्या, आताच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्थापत्य विभागाने खालच्या तापीची जलगतिकीय प्रतिमाने तयार केली, पात्राचे नवे छेद मोजले आणि किती विसर्गाला कोणता भाग बुडेल, याचे नकाशे मांडले. उकाईपासून शहरापर्यंतची पूर्वसूचना-व्यवस्था उभारण्यात महापालिका आणि सुरत क्लायमेट चेंज ट्रस्ट यांनी भाग घेतला. स्वयंचलित संवेदक आता तासातासाला पातळी पाठवतात. संवेदकांनी माणसाच्या नजरेचा दोष घालवला आणि स्वतःचे दोष आणले : बॅटरी उतरली की शून्य येते, रडारच्या किरणाखाली ओंडका आला की पातळी क्षणात वर उडते, आणि गाळणीला हा खरा पूर की खोटा, याचा निर्णय काही मिनिटांत घ्यावा लागतो. २००८ मध्ये काही जलशास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिले की बदलत्या हवामानात पाण्याच्या नियोजनातले स्थिरतेचे गृहीतक आता सोडून द्यावे लागेल. सुरतेला ते दोन वर्षे आधी, आणि हवामानापेक्षाही पात्रातल्या बांधकामामुळे, कळले होते.

केंद्रीय जल आयोगाच्या रिवाजानुसार पातळीचा अंदाज प्रत्यक्षापासून १५ सेंटिमीटरच्या आत असला, आणि जलाशयात येणाऱ्या पाण्याचा अंदाज २० टक्क्यांच्या आत असला, तर तो बरोबर धरला जातो. हे निकष वाजवी आहेत. पण ते कार्यालयाच्या नोंदवहीत राहतात आणि नागरिकाच्या हाती एकटा आकडा पडतो. भुसावळ ते सुरत या नदीच्या काठी प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक अंदाजासोबत त्याचा पल्ला आणि धोकापातळी ओलांडली जाण्याची शक्यता छापली जावी, आणि प्रत्येक पावसाळ्यापूर्वी होप पुलाचा पातळी-विसर्ग वक्र नव्याने तपासून लोकांसमोर ठेवला जावा. त्यासाठी लागणारे गणित उपलब्ध आहे, यंत्रेही बसलेली आहेत. राहिले आहे ते प्रसिद्ध करण्याचे काम.